किसनभाऊचा लांगरी

भंडाऱ्यात राहून धानाची मळणी कधी सुरू झाली हे कळायला स्वतःचं शेत असावं लागत नाही. बाजाराकडं जाणाऱ्या बैलबंड्यांतून धानाचं तणस सांडत जातं, ते ऑटोच्या चाकांत गुंततं, ऑटोवाले बंडीवाल्यांच्या नावानं ओरडतात आणि शाळेत पोचेपर्यंत माझ्याही सदऱ्याला दोन काड्या चिकटलेल्या असतात. त्या मी झटकत नाही. वर्गात मुलं हसतात. हसू देत. वर्षातले हे तीन-चार आठवडे माझं कशातच लक्ष लागत नाही, आणि का लागत नाही हे विचारणारं घरात कुणी नसल्यामुळं ते खपून जातं.

यंदा त्यात भर पडली ती शिक्षकांच्या खोलीतल्या वादाची. हेडमास्तरांच्या घरी टीव्ही आला आहे. रविवारी खेळांच्या कार्यक्रमात कधीमधी बॉक्सिंग दाखवतात, आणि सोमवारी मधल्या सुट्टीत आमचे पोटं सुटलेले गुरुजी मुठी आवळून बसतात. विषय एकच. आपल्या ऐन भरात असताना सगळ्यांत अजिंक्य बॉक्सर कोण? चित्रकलेचे गुरुजी एकाचं नाव घेतात, गणिताचे दुसऱ्याचं. चहा निवून जातो. मग कुणीतरी माझ्याकडं वळतं, "तुमी काहून गप्प बसले जी? बोला नं काही." मी म्हणतो, मला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही.

हे धादांत खोटं आहे. या एका विषयावर मी एका हिवाळ्यात महिनाभर भांडलो आहे. इतका भांडलो की त्यानंतर कुणाशी मनापासून भांडावंसं वाटलं नाही.

सत्तरच्या दशकातला तो हिवाळा. दिघोरीहून आत दोन कोसांवरच्या एका गावात मला पहिली नेमणूक मिळाली होती. जूनमध्ये रुजू झालो आणि श्रावणात आई गेली. भंडाऱ्याच्या घराला कुलूप लावून परत गावात आलो, तेव्हा गाव माझ्याशी फार चांगलं वागलं. कुणी तांदूळ आणून दिले, कुणी लाखोरीची डाळ. पण सगळे मला गुरुजी म्हणत. बाया डोक्यावरचा पदर सारखा करून बाजूला होत, माणसं ओट्यावरून उठून उभी राहत. माझं नाव घेणारं एकच माणूस होतं आणि ते गेलं होतं. दिवाळी झाली, मंडईची जत्रा झाली, कापणी झाली, धानाच्या बांध्यांमधून कापलेले कडपे उचलले गेले, आणि माझ्या लक्षात आलं की शाळेत शिकवणं सोडलं तर आपण दिवसात वीस-पंचवीस वाक्यंसुद्धा बोलत नाही. मी मुळात बडबड्या माणूस. आई म्हणायची, हा झोपेतही वाद घालतो. असं तोंड असलेल्या माणसाला गप्प बसायला लागलं की आतून कुजल्यासारखं होतं.

किसनभाऊचं खळं शाळेच्या मागंच होतं. त्याचं आणि त्याच्या दोन भावांचं धान तिथंच चुरलं जाई, त्यामुळं त्याचं काम महिनाभर चाले. मळणीला तिकडं चुरणं म्हणतात. सारवलेल्या खळ्याच्या मधोमध मेढ रोवायची, तिच्याभोवती धानाच्या पेंढ्या पसरायच्या, चार बैलांची दावण बांधायची आणि त्यांना गोल गोल हाकत राहायचं. मागं चालणाऱ्या माणसाला दिवसभरात किती चालणं होत असेल देव जाणे. किसनभाऊ चाळिशीचा, बुटका, खांद्यांनी रुंद. पलटणीतून परत आलेला. गावात त्याला मिल्ट्रीवाला म्हणत. डाव्या कानानं त्याला अजिबात ऐकू येत नसे. लढाईत तोफेच्या आवाजानं कान गेला असं गाव सांगे. तो स्वतः त्यावर काही बोलत नसे.

शाळा सुटली की मी खळ्याच्या कडेला एका भाऱ्यावर जाऊन बसू लागलो. पहिले दोन दिवस तो नुसता "या जी गुरुजी" म्हणे आणि फिरत राही. तिसऱ्या दिवशी माझ्या हातात एक दिवस शिळा नागपूरचा पेपर होता. शेवटच्या पानावर एका जगज्जेत्या बॉक्सरचा फोटो होता. कोण तो, हे इथं लिहीत नाही. ज्याला जो आवडतो त्याचं नाव त्यानं घालावं, माझी काही हरकत नाही. मी त्या माणसाचा भक्त होतो. त्याच्यावर छापून आलेलं सगळं मी वाचलं होतं आणि माझ्या ट्रंकेच्या झाकणाला आतून त्याचा फोटो चिकटवला होता. एकही लढत अर्थात पाहिली नव्हती. कुठून पाहणार?

"हा माणूस कधीच हरू शकत नाही," मी पेपर दाखवत म्हणालो. "भरात असताना याच्यासारखा कोणी झालाच नाही."

किसनभाऊनं बैल थांबवले नाहीत. चालता चालता फोटोवर नजर टाकली आणि पुढं गेला. मेढेला फेरी घालून परत माझ्यासमोर आला तेव्हा म्हणाला, "टाच पाह्यले का त्याची? उचललेली हाय." पुन्हा गेला. पुन्हा आला. "टाच उचलली म्हंजे मांगं पळाच्या तयारीत हाय. आमचा लांगरी असता नं, त तिथंच शिरला असता."

लांगरी म्हणजे पलटणीतला स्वयंपाकी. किसनभाऊच्या पलटणीत एक होता, बुटकेला, दिवसभर डाळीच्या पातेल्यात डोई घालून बसणारा, आणि संध्याकाळी हातमोजे चढवले की त्याच्यासमोर उभं राहायला कुणी धजत नसे. किसनभाऊच्या मते जगात त्याच्याइतका अजिंक्य बॉक्सर ना झाला ना होणार. मी मोठ्यांदा हसलो. आई गेल्यापासून पहिल्यांदा हसलो असेन.

आणि मग सुरू झालं ते. रोज. शाळा सुटल्यावर अंधार पडेस्तोवर, आणि शनिवारी सकाळची शाळा म्हणून दुपारपासून.

त्या वादाची चालच वेगळी होती. तो माझ्यासमोरून जाताना एक वाक्य टाकून जाई. मग बैलांमागं पलीकडं पोचे. तेवढ्या वेळात मला उत्तर शोधायला लागे. तो समोर आला की मी माझं टाकायचो, आणि ते घेऊन तो पुन्हा फेरीला निघे. कुणी कुणाचं बोलणं तोडायचं नाही, कारण तोडताच येत नसे. इतका नीट वाद मी पुढं कुठल्याही शिक्षक-संमेलनातही ऐकला नाही. मधेच एखादा बैल शेपटी उचले, आणि किसनभाऊ ऐन मुद्द्यावर असला तरी वाक्य तिथंच सोडून मूठभर तणस घेऊन शेण झेलायला धावे. धानात शेण पडू द्यायचं नसतं. मी आपला ताटकळत बसलेला. शेण लांब टाकून तो परत येई आणि सोडलेल्या शब्दापासून वाक्य पुरं करी.

"तुमचा लांगरी माझ्या माणसाच्या छातीलाही लागणार नाही," मी म्हणे.

फेरी.

"म्हणून त छातीच पाह्यते थो. हात पाहातच नाई."

"म्हणजे?"

फेरी.

"समोरचा सास आत घेते नं जी, तवा पोट नरम पडते. लांगरी थ्या वख्ताची वाट पाहे. सास बाहेर असताना मारलं त माणूस झेलते. आत घेताना मारलं त दगड असला तरी बसते खाली."

"हे तुम्हाला कोणी सांगितलं?"

फेरी. यावेळी जरा सावकाश.

"कोनं सांगाले कायले पायजे? म्या पाह्यलो हाय."

मग मी वजनाचा मुद्दा काढला. माझा माणूस लांगरीच्या दुप्पट वजनाचा. किसनभाऊ म्हणाला, वजन बरोबरीचं धरा, मग बोला. मी म्हणालो, असं कसं धरायचं? तो म्हणाला, दोघं भरातले धरता येतात तर वजन का धरता येत नाही? मी म्हणालो, तुमच्या लांगरीला जगात कुणी ओळखत नाही. तो म्हणाला, त्यात लांगरीचं काय चुकलं? मी म्हणालो, माझ्या माणसाबद्दल छापून येतं. तो पुढं गेला, परत आला आणि म्हणाला, "कागदावरचा माणूस मारत नाई जी गुरुजी." आणि आपल्याच बोलण्यावर खूश होऊन बैलाच्या पाठीवर थाप मारली. मी चिडलो. इतका चिडलो की त्या दिवशी न सांगता उठून खोलीवर आलो, भात टाकला आणि भात शिजेस्तोवर उद्याचे मुद्दे पाटीवर लिहून काढले. घरी कुणी वाट पाहणारं असलं म्हणजे माणूस असा वेड्यासारखा वागत नाही. पण मला दुसऱ्या दिवशीची ओढ लागली होती. त्याआधी कित्येक आठवडे मला कुठल्याच दुसऱ्या दिवसाची ओढ नव्हती.

एकदा त्यानं मला तणसावर उभं केलं. बैल सोडले होते, त्याचा भाऊ धान वाऱ्यावर धरत होता. "असं बोलून नाई समजत तुमाले. उठा. हनवटी आत घ्या. कोपर पोटाले लावा." मी लावलं. त्यानं माझे खांदे धरून फिरवले, मनगटं सरळ केली, हनुवटी दोन बोटांनी खाली दाबली. मग म्हणाला, सास घ्या. मी घेतला आणि त्याच वेळी त्याची मूठ माझ्या बरगड्यांखाली अगदी हलकी टेकली. टेकलीच फक्त. तरी मी तणसात बसलो. तो हसत हसत हात द्यायला वाकला आणि माझ्या डोळ्यांत पाणी पाहून घाबरला. "लागलं का जी?" मी म्हणालो, भुसा गेला. खरी गोष्ट अशी होती की आईला पोचवून आल्यापासून मला कुणी हातच लावला नव्हता. गुरुजींना कोण हात लावणार? हे त्याला सांगायला हवं होतं. असल्या गोष्टी मला वेळेवर कधी सांगता येत नाहीत.

त्या खळ्याबद्दल गावात कुजबूज होती. त्या गावात दावण फिरवायची ती देवळाच्या प्रदक्षिणेसारखी, मेढ उजव्या हाताला ठेवून. सगळ्या खळ्यांवर तशीच फिरे. किसनभाऊची मात्र उलटी फिरत असे, मेढ डाव्या हाताला. त्याचं घराणं छप्पन सालानंतर बौद्ध झालेलं. गावाला कारण सापडायला तेवढं पुरेसं होतं. "धर्म फिरवला, आता बैल बी फिरवून राहिले," असं पलीकडच्या खळ्यावरचा एक म्हातारा मला ऐकवायचा. मला त्या म्हाताऱ्याचा राग येई, पण लाज वाटते ती याची, की मनातून मलाही तेच खरं वाटे. फरक एवढाच, की मला त्याचं कौतुक वाटे. वा, किसनभाऊनं मेढेभोवतीचीसुद्धा जुनी चाल मोडली, असं काहीतरी मी माझ्या वहीत लिहूनही ठेवलं होतं. पेपर वाचून जग समजून घेणाऱ्या माणसाकडून आणखी काय होणार?

बांध्यांमध्ये लाखोरी निळी-जांभळी फुलली होती आणि खळ्यावर रचलेले धानाचे पुंजणे सरत आले होते, त्या दिवसांत ते झालं. मी खळ्यावर गेलो तेव्हा किसनभाऊ बैलांना पाण्यावर घेऊन गेला होता. त्याची बायको भाताचा डबा आणि झिंग्याची चटणी घेऊन बसली होती. वहिनी माझ्याशी एरवी फारसं बोलत नसत. त्या दिवशी त्या एकदम म्हणाल्या, "गुरुजी, राग नोका मानू. पण रोज रोज थ्या लांगऱ्याचं काहून काढता जी त्याईच्यापाशी?"

मी म्हणालो, मी काढत नाही, तेच काढतात.

"थे काढतीनच. थ्याच लांगऱ्यानं कान फोडला नं त्याईचा. तोफ नाई नं काई नाई. खेळात फोडला. पलटन सुटली, नाइक होणार होते थे बी ऱ्हायलं. गावात सांगू नोका, गाव तोफ समजते त समजू द्या. रातच्याले कान ठणकते त बसून राह्यतात." असं बोलून त्यांनी डबा पुढं सरकवला.

मला सगळं एकाच वेळी समजलं. लांगरी जर जगात अजिंक्य होता, तर किसनभाऊचा कान, पलटण, पुढची सगळी वर्षं एका अजिंक्य माणसाशी लढताना गेली. आणि लांगरी जर कुठलाही एक बुटका स्वयंपाकी होता, तर ते सगळं उगाचच गेलं. महिनाभर मी रोज संध्याकाळी तिथं बसून, पेपरातली कात्रणं दाखवून, त्याला हेच सांगत होतो की तुमचं उगाचच गेलं. मला स्वतःची किळस आली. तसाच खोलीवर आलो. पाटीवरचे मुद्दे पुसले आणि ठरवलं की उद्या हरायचं. अशी दुर्बुद्धी चांगल्या मनातूनच सुचते, म्हणून ती ओळखू येत नाही.

दुसरा दिवस शनिवार. ऊन कोवळं होतं, तो खुशीत होता. माझ्यासमोरून जाताना त्यानं लांगरीच्या डाव्या हाताबद्दल काहीतरी टाकलं आणि पुढं गेला. तो परत आला तेव्हा मी म्हणालो, "किसनभाऊ, मी मानलं. तुमचा लांगरीच खरा. त्याला कुणी हरवू शकलं नसतं."

एक पूर्ण फेरी.

"काहून जी?"

"विचार केला रात्री."

फेरी.

"परवा त तुमी लांगरीले पळवून राहिले होते."

"माझं चुकलं."

फेरी. तो समोर आला आणि पहिल्यांदाच बैल थांबवले. बैल मुसक्यांतून फुरफुरत उभे राहिले. "कोनं सांगलं तुमाले?" त्यानं विचारलं. मी खाली पाहिलं. मला खोटं बोलायची सवय नाही असं नाही, पण तोंडावर बोलता येत नाही.

तो रागावला असता तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाला, "गुरुजी, लांगरीनं मले सोडलं नाई. वळख होती, एका ताटात जेवत होतो, तरी सोडलं नाई. पुरा मारला. म्हणून त मले त्याचा राग आला नाई कधी. तुमी मले सोडून देल्ले." मग बैलांना हाकत म्हणाला, "म्या लेकरू नाई जी."

मी काहीबाही बोललो. तसं नव्हतं, माझ्या मनात असं नव्हतं. ते सगळं बोलणं तो दूर गेल्यावर माझ्यापाशीच पडून राहिलं. थोड्या वेळानं मी उठलो.

रविवारी मी निर्लज्जासारखा पुन्हा गेलो. आज पुन्हा भांडायचं, माझ्या माणसाची बाजू दुपटीनं घ्यायची, त्याला चिडवायचं असं ठरवून गेलो. भाऱ्यावर बसलो. तो समोरून गेला तेव्हा म्हणालो, "किसनभाऊ, लांगरीचं डावं कोपर उघडं पडत होतं असं मला वाटतं!" तो गेला. फेरी मारून आला, पुन्हा गेला. मी आणखी मोठ्यांदा म्हणालो. त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. पलीकडच्या खळ्यावरचा म्हातारा हसत हसत ओरडला, "पाहा जी गुरुजी, आला का नाई किसन्या लाइनीवर? अखेर सरळ फिरवली दावण! मांगच्या साली बी सरळच फिरवत होता, याच साली काय भूत भरलं होतं त्याच्यात, कोन जाणे!"

मी दावणीकडं पाहिलं. मेढ त्याच्या उजव्या हाताला होती. म्हणजे माझ्या बाजूला त्याचा डावा कान होता.

महिनाभर त्यानं बैलांची वर्षानुवर्षांची सवय मोडून, गावाची बोलणी खाऊन, धर्मावरून टोमणे ऐकून, दावण उलटी फिरवली होती. का, तर कडेला बसलेल्या एका पोरसवदा मास्तरची बडबड त्याला ऐकू यावी. कुणाला एका शब्दानं सांगितलं नव्हतं. माझं बोलणं ऐकण्यासाठी इतकी तसदी आईनंतर कुणी घेतली नव्हती आणि त्यानंतरही कुणी घेतलेली नाही. हे मला कळलं तेव्हा तो बैलांमागून जात होता आणि मी हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली नसती. मी हाक मारलीच नाही.

उन्हाळ्यात बदली झाली. निरोपाला सारं गाव आलं, किसनभाऊही आला, सगळ्यांसारखाच नमस्कार करून गेला. पुढं मी भंडाऱ्यात आलो, घराचं कुलूप काढलं. लग्नाचं बघू बघू म्हणता राहून गेलं. नोकरी आहे, घर आहे, शेजार चांगला आहे. कुणाशी वाद होत नाही. सगळे म्हणतात, गुरुजी फार शांत स्वभावाचे. आईनं हे ऐकलं असतं तर तिला खरंच वाटलं नसतं.

तर हेडमास्तरांचा टीव्ही. पंधरा दिवसांपूर्वीच्या रविवारी मलाही आग्रह करून बोलावलं. मोठ्या बॉक्सरांची लढत सुरू व्हायच्या आधी दोन हलक्या वजनाच्यांची दाखवली. नावंही नीट ऐकू आली नाहीत. खोलीत कुणाचं लक्ष नव्हतं, चिवडा फिरत होता. त्यातला एक बुटका होता. समोरचा उंच, देखणा, सारखा हात चालवणारा. बुटका काहीच करत नव्हता. त्याची नजर समोरच्याच्या हातांवर नव्हती, छातीवर होती. माझ्या हातातला चिवडा तसाच राहिला. उंच माणूस दमला, त्यानं छाती फुगवून मोठा श्वास घेतला, आणि बुटका आत शिरला. ठोसा कुणाला फारसा दिसलाही नसेल. उंच माणूस खाली बसला तो उठलाच नाही. "अरे, काय झालं? घसरला काय?" गणिताचे गुरुजी म्हणाले. मी उभा राहिलो होतो. कधी उभा राहिलो ते कळलंच नाही.

किसनभाऊ खरं सांगत होता. शब्द न् शब्द खरं होतं ते. ते त्याचं मनाचं समाधान नव्हतं, ते ज्ञान होतं, आणि मी दया करून ज्याला होकार दिला ते दया न करताही खरंच होतं. माझा जगज्जेता त्या लांगरीसमोर, बरोबरीच्या वजनात, ऐन भरात, उभा राहिला नसता. मी आता ते शपथेवर सांगू शकतो. मला त्या आनंदात रात्रभर झोप आली नाही. इतक्या वर्षांनी मी खरोखर हरलो होतो, आणि ते जाऊन सांगायला एक माणूस होता.

गेल्या रविवारी बस धरली. दिघोरीला उतरून पुढं चालत गेलो. शाळा तशीच आहे, खळंही तिथंच आहे. पण बैल नाहीत. धानावरून ट्रॅक्टर फिरत होता, किसनभाऊच्या भावाचा मुलगा चालवत होता. किसनभाऊ कडेला एका भाऱ्यावर बसला होता. केस पांढरे झालेत, खांदे अजून तसेच. त्यानं मला लगेच ओळखलं, उठून उभा राहिला. "गुरुजी! इकडं कसे जी?" मी मुद्दाम त्याच्या उजव्या बाजूला बसलो. वहिनी घरी असतात, गुडघे दुखतात. पाऊस यंदा बरा झाला. खाली गोसीखुर्दला धरण होऊन राहिलं, त्याचं गावात रोज बोलणं निघतं. सगळं विचारून झालं. ट्रॅक्टर थांबला, मुलगा पाणी प्यायला गेला, आणि खळ्यावर शांत झालं.

मी म्हणालो, "किसनभाऊ, एक सांगायला आलो. टीव्हीवर एक लढत पाहिली. तुम्ही म्हणायचे तशी, श्वास आत घेताना. डोळ्यांनी पाहिली. तुमचा लांगरी खरंच अजिंक्य होता. मी हरलो."

त्यानं माझ्याकडं पाहिलं, अगदी मायेनं पाहिलं, म्हातारी माणसं पाहुण्याकडं पाहतात तसं.

"हो जी," तो म्हणाला. "तुमी तवाच म्हणाले होते."

आणि घराकडं तोंड करून, गुरुजी आलेत, चहा मांडा, असं ओरडून सांगितलं. चहा चांगला होता. मी पाचची बस धरून परत आलो.